सोळा ग्रॅम तांबं

२ जुलै २०२५, बुधवार
आजपासून रोजनिशी. मराठीत, देवनागरीत. चेन्नईत, पश्चिम मांबलमच्या या बिल्डिंगमध्ये देवनागरी वाचणारा मी एकटाच. माझी बायको तुळसी घरात मराठी बोलते, पण वाचते तमिळ. आप्पांनी तंजावरात छडी मारून अक्षरं शिकवली, त्याचा आज उपयोग. गुप्तता महत्त्वाची.
विषय : नारायणस्वामी, पहिला मजला. रविवारी असोसिएशनचं सेक्रेटरीपद माझ्याकडून हिसकावलं. वर सगळ्यांसमोर माझ्याविषयी म्हणाला, दत्ताजी सारांना आता विश्रांती हवी. विश्रांती! कॉमन मीटरचं बिल वाढलं, एवढाच माझ्यावर आरोप.
संकल्प : सूड. शांतपणे, शास्त्रीय पद्धतीने. शेवटी मी केमिस्ट्रीचा मास्तर आहे.

४ जुलै, शुक्रवार
सापडला! पार्किंगमध्ये त्याच्या जागेवर निळ्या कव्हरखाली इलेक्ट्रिक स्कूटर. त्याच्या बायकोची, त्रिपुरसुंदरीची. शाळेतून आलो तर खांबावरच्या सॉकेटमधून चार्ज होत होती. खांब कॉमन. म्हणजे सॉकेट कॉमन. म्हणजे करंट कॉमन. म्हणजे बिल कुणामुळे वाढलं?
तुळसीला हे सगळं पायरीपायरीने समजावलं. ती म्हणाली, आधी जेवून घ्या. बायकांना लॉजिक नको असतं.

६ जुलै, रविवार
रिची स्ट्रीटवरून क्लॅम्प मीटर आणला. खेकड्याच्या नांगीसारखं तोंड. वायरभोवती मिटायचं, आतून किती ॲम्पियर जातात ते दिसतं. वायर तोडावी लागत नाही. दुकानदार म्हणाला, कसं वापरायचं दाखवू का? त्याला सांगितलं, माझी अर्धी हयात ॲम्पियर शिकवण्यात गेली.
संध्याकाळी चार्जरच्या केबलला लावला. शून्य. पुन्हा शून्य. दुकानदाराने फसवलं, नाहीतर नारायणस्वामीने काही युक्ती केली आहे. माणूस पोचलेला आहे.

७ जुलै, सोमवार
खांबापाशी वाकलेलो असताना तो मागून आला. मी घाबरलो नाही. मीटर हातातून पडला तो घामामुळे. म्हणाला, सार, अख्खी केबल धरली तर जाणारा करंट आणि परत येणारा करंट एकमेकांना खोडतात. आतली एकच वायर धरा. आणि हसला. कशासाठी मोजताय, हेही विचारलं नाही. वर कॉफीला बोलावलं.
मला हे माहीत होतंच. गेलो नाही.

९ जुलै, बुधवार
शत्रूचा सल्ला वापरणं तत्त्वात बसत नाही. शाळेच्या लॅबमधला ॲमीटर डब्याच्या पिशवीतून आणला. सॉकेटच्या दोन भोकांत दोन वायरी खुपसल्या. ॲमीटर कायम सिरीजमध्ये जोडावा, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहितो. पण ती सूचना मुलांसाठी.
ठाप! निळा उजेड. जळका वास. ॲमीटरचा काटा पलीकडे जाऊन वाकला. उजव्या भुवईचे थोडे केस गेले.
विशेष म्हणजे लिफ्ट चालू, जिन्यातले दिवे चालू. अंधार झाला फक्त नारायणस्वामीच्या फ्लॅटमध्ये. देव आहे.
शाळेला ॲमीटरचं काय सांगायचं? जुना होता, हे खरंच आहे.

१२ जुलै, शनिवार
एक एक्स्टेन्शन कॉर्ड घेतली, वरचं आवरण सोललं, आतली एकच वायर वेगळी काढून मीटर लावला. पद्धत माझी स्वतःची. ३.४ ॲम्पियर!
पण नुसत्या ॲम्पियरने सभेत कुणाचं काळीज हलणार नाही. वजन हवं. ३.४ ॲम्पियर, रोजचे चार तास, म्हणजे जवळजवळ एकोणपन्नास हजार कूलॉम्ब. एवढा चार्ज मोरचूदाच्या द्रावणातून सोडला तर सोळा ग्रॅम तांबं जमा होईल. रोज! ॲम्पियर दिसत नाही, तांबं दिसतं. फिजिक्सवाल्यांना हे सुचणार नाही.

१९ जुलै, शनिवार
उद्या सभा. आरशासमोर भाषण म्हटलं. ‘आरोपी’ शब्दावर आवाज छान लागतो. भुवईचा भाग अंधारात ठेवायचा.
तुळसी म्हणाली, उद्या बोलू नका. मी म्हटलं, बोलणार. ती म्हणाली, तुम्ही ऐकत नाही म्हणून कुणी तुम्हाला काही सांगत नाही. दमली असावी. हल्ली रोज सकाळी भजनाला जाते.

२० जुलै, रविवार, रात्री
सभा झाली.
मी उभा राहिलो आणि म्हणालो, या बिल्डिंगमधून रोज सोळा ग्रॅम तांबं चोरीला जातंय. मग तिसऱ्या मजल्यावरची रंजनी ओरडली, तरीच माझ्या एसीचा पाइप गेला! वॉचमनला बोलावलं. दोघेजण आपापले एसी बघायला वर पळाले. मी इलेक्ट्रोलिसिस समजावत होतो, कुणी ऐकेना. शेवटी सरळ बोट दाखवलं : नारायणस्वामी! निळं कव्हर! स्कूटर!
पण बोलली तुळसी. मागच्या रांगेतून उठून म्हणाली, गाडी माझी आहे.
मी म्हटलं, बस खाली. ती बसली नाही. सगळ्यांना तमिळमध्ये सांगितलं. त्रिपुरसुंदरीची जुनी गाडी तिने घेतली. चालवायलाही त्रिपुरसुंदरीनेच शिकवलं. सॉकेट नारायणस्वामीने स्वतःच्या मीटरवरून बसवलेलं. मी त्याचाच फ्यूज उडवला होता. तुळसीची अक्का सईबाई एग्मोरला कंबरेचं हाड मोडून पडून आहे. भजन नाहीच, तुळसी रोज तिला आंघोळ घालायला जाते. मला सांगितलं नाही, कारण सईबाईचे यजमान रघुराम यांच्याशी मी लग्नाच्या पंगतीवरून भांडलो आणि त्या घराचं नाव काढायचं नाही, असं बजावलं होतं.
ते भांडण तत्त्वाचं होतं. पण सभेत तो मुद्दा मांडायला वेळ मिळाला नाही.
नारायणस्वामीने मला पाणी आणून दिलं. मी प्यालो. घसा कोरडा होता, एवढंच.

२१ जुलै, सोमवार
तुळसी बोलत नाही. इडली झाकून ठेवली होती. चटणी नव्हती.
तिला सांगितलं, यापुढे त्या सॉकेटमधला एक कूलॉम्बही नको, आपला स्वाभिमान आहे. घरातून वायर सोडतो. आपल्या तिसऱ्या मजल्यावरून खालपर्यंत वायर पुरत नाही. बघू.

२६ जुलै, शनिवार
तुळसी स्वतःहून बोलली. म्हणाली, अक्का तुमची चौकशी करते, उद्या यायचं असेल तर मागे बसा. मी अट घातली, रघुराम आधी बोलला तरच मी बोलेन. ती म्हणाली, शरी, ठीक आहे.
म्हणाली, बॅटरी कमी आहे, खाली जाऊन चार्जिंगला लावते. मी नको म्हटलं. कागद घेऊन बॅटरीचे ॲम्पियर-अवर काढले, अंतराला भागलं. एग्मोरला जाऊन परत येऊन उरेल. तिला आकडा दाखवला. तिने चार्जर परत ठेवला.

२७ जुलै, रविवार
कोडंबाक्कम पुलाच्या चढावर गाडी थांबली. मागून बस हॉर्न देत होती.
गणित बरोबर होतं. त्यात माझं वजन धरलं नव्हतं.
तुळसी म्हणाली, उतरा. उतरलो. गाडी लगेच चालू लागली. तिने मागे वळून पाहिलं नाही, ट्रॅफिक होतं.