टाच बाहेर

बालाघाट,
१० सप्टेंबर २००३

चि. अपूर्व यास ताईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या भाचीने घरात नवी धामधूम सुरू केली आहे. नोव्हेंबरात पचमढीला डोंगरी सायकलींची शर्यत आहे आणि कॉलेजातून ओवीचं नाव गेलं आहे. इथवर मला आनंदच होता. आता ती म्हणते, मामा अशी पेडलं पाठवणार आहे की त्यांत बूट अडकतो आणि चढावर पाय निसटत नाही. मी विचारलं, मग उतरायचं कसं? तर म्हणाली, आई, वो तो आ जाता है.

गल्लीच्या तोंडाशी दुकान असलेल्या वसंता मिस्त्रीला विचारलं. तो म्हणाला, ताई, बैल जुंपते तसं पोरीले काहून जुंपून राह्यल्या? हे शनिवारी मलाजखंडच्या नोकरीवरून आले, नेहमीप्रमाणे निर्णय माझ्यावर टाकला आणि जेवून झोपले. शेवटी मी अट घातली: या पेडलांमुळे एकदा जरी पडलीस, तर पेडलं परत आणि शर्यतीतून नाव मागे. ती लगेच हो म्हणाली, म्हणून जास्तच भीती वाटते. तूच तिला समजाव. फोनवर तू नुसता हसतोस, म्हणून लिहिते आहे.

लोभ तर आहेच, या वेळी थोडी अक्कलही पाठव.

तुझी ताई,
कालिंदी

बंगळूर,
१९ सप्टेंबर २००३

ती. सौ. ताईस अपूर्वचा साष्टांग नमस्कार.

अक्कल शिल्लक नव्हती, म्हणून पेडलं आणि बूटच पाठवले आहेत.

रागावू नकोस. तासभर दुकानात उभा राहून निवडली आहेत. एक जोडी दिसायला फार सुंदर होती, पण चिखल शिरला की गच्च बसणारी. आपल्याकडच्या जंगलातल्या रस्त्यांवर तिचा काय उपयोग? ही उघडी आहेत, चिखल आपोआप गळून पडतो आणि बूट दोन्ही बाजूंनी बसतो. पेडलात अडकणारी बुटाच्या तळाची पट्टी खोलगट जागेत आहे, त्यामुळे सायकल ढकलत चालताही येतं.

पेडलाच्या मागे एक बारीक स्क्रू आहे, त्याने पकड कमी-जास्त होते. वसंताला म्हणावं, सुरुवातीला अगदी सैल ठेव. आधी आठ दिवस अंगणात भिंत धरून करायचं. सुटायचं असेल तर पाय वर ओढायचा नाही, टाच बाहेर वळवायची, तीही सायकल थांबायच्या आधी. दर आठवड्याला जुन्या टूथब्रशने झाडायचं आणि स्प्रिंगला तेलाचा एकच थेंब. जास्त झालं की धूळ धरतं.

भीतीचं म्हणशील, तर लामत्याच्या रस्त्यावर दोन्ही हात सोडून सायकल चालवणारी आणि मागे वळून मला जीभ दाखवणारी मुलगी कोण होती, ते मी ओवीला अजून सांगितलेलं नाही.

माया आहे तशीच ठेव, अट तेवढी थोडी सैल कर.

तुझा,
अपूर्व

बालाघाट,
१० ऑक्टोबर २००३

चि. अपूर्व यास अनेक आशीर्वाद.

दसरा चांगला झाला. खंडे नवमी शनिवारी आली, त्यामुळे हे घरी होते. आपल्या अण्णांच्या वेळेसारखी सगळी हत्यारं मांडून पूजा केली: यांचे पाने, माझं शिलाई मशीन, विळी आणि ओवीची सायकल. तुझ्या पेडलांचाही मान ठेवला, तक्रार नको.

पण सोमवारी कॉलेजला जाताना रेल्वे फाटक बंद झालं. ओवीला डावा पाय टेकायची सवय. तिने टाच वळवली, पाय निघालाच नाही, आणि फाटकापाशी थांबलेल्या साऱ्या लोकांसमोर ती उभ्याची आडवी झाली. दूधवाल्या प्रेमलालने लेस सोडून तिचा पाय बुटातून काढला. बूट पेडलाला लटकलेलाच घरी आला. गुडघा सोलला आहे, उजवं मनगट सुजलं आहे. हाड शाबूत आहे. ती म्हणते, भिंतीपाशी रोज निघत होता, आजच काय झालं कळत नाही.

अट म्हणजे अट. वसंताने पेचकसने उचकटून बूट सोडवला. पेडलं काढायला बसला तर डाव्याशी अर्धा तास झटला, म्हणे जाम झालं. ओवी आतून आली, धड असलेल्या हाताने पाना उलटीकडे फिरवला आणि पेडल निघालं. डाव्याचे आटे उलटे असतात म्हणे. वसंता म्हणाला, ताई, पोरीले समजते यातलं. तिने पेडल माझ्या हातात दिलं आणि आत गेली. स्वतःच्या हाताने काढून दिलं, अप्पू. ते मला लागलं.

तेव्हापासून ती मोजकं बोलते. नाव मागे घ्यायची मुदत एकतीस तारखेची आहे. पेडलं दोन-चार दिवसांत पार्सल करते.

माझ्यावर रागावलास तरी चालेल, पत्र लिहायचं सोडू नकोस.

तुझी,
ताई

बंगळूर,
१७ ऑक्टोबर २००३

ती. सौ. ताईस साष्टांग नमस्कार.

पार्सल झालं नसेल तर करू नकोस. झालं असेल तर पोस्टात जाऊन परत माग.

भिंतीपाशी रोज निघणारा पाय दसऱ्यानंतरच का अडला, याचा विचार करत होतो आणि मला अण्णांचा टाइपरायटर आठवला. दर खंडे नवमीला तू त्याची पूजा करायचीस आणि दिवाळीपर्यंत त्याची दोन-तीन अक्षरं उठायची नाहीत. अण्णा आपले चिमट्याने अक्षता काढत बसायचे. पूजा करताना तुझा हात फार सढळ असतो, ताई. सायकल उजव्या अंगाने भिंतीला टेकली होती का? म्हणजे सगळा मान डाव्या पेडलाला मिळाला.

उन्हात बस, सुई घे आणि स्प्रिंगच्या मागे बघ. काही सापडलं नाही, तर नाव मागे घ्यायला मी स्वतः ओवीला सांगेन.

उत्तराची वाट पाहणारा,
तुझा अप्पू

बालाघाट,
२४ ऑक्टोबर २००३

चि. अप्पूस आशीर्वाद, आणि या वेळी थोडा नमस्कारसुद्धा.

अक्षतांचे तीन दाणे निघाले. तेलात कुंकू कालवून त्याचा लेप झाला होता आणि त्यात ते दगडासारखे बसले होते.

खरं सांगते, क्षणभर वाटलं, फुंकर मारावी. घरात कोणी नव्हतं. पेडलं पुसून परत दिली असती तर आई किती मोठ्या मनाची, असंच झालं असतं. मी दाणे तळहातावर घेऊन बसून राहिले. ओवी पडली त्या दिवशी तिचा गुडघा धुताना माझ्या डोळ्यांत पाणी होतं, पण आत कुठेतरी हायसंही वाटलं होतं, की आता ही कुठे जात नाही. ते त्या दाण्यांकडे बघताना आठवलं आणि माझी मलाच लाज वाटली.

ओवी आल्यावर तळहात तिच्यापुढे धरला आणि दाणे कुठून निघाले ते सांगितलं. तिने एक दाणा उचलून पाहिला. मग म्हणाली, आई, तूने मुझे पूजा करके गिराया? आणि हसत सुटली ती थांबेना. मग मीही.

नाव राहिलं. मनगट बरं आहे. पेडलं मी लावली, डावं उलटं फिरवून. पण आधी स्वतः करून बघावं, म्हणून तिचे बूट घातले. आमचं माप एकच. भिंत धरून चढले. खट्कन बूट अडकला. टाच बाहेर वळवली, सुटला. अकरा वेळा केलं. शेजारच्या शेवंताबाई कुंपणावरून बघत होत्या. म्हणाल्या, काहून वो, या वयात भिंत धरून सायकल शिकून राह्यली? मी म्हटलं, हौ, उतरायचं शिकून राह्यली.

उद्या दिवाळी. तू येत नाहीस, तेव्हा तुझ्या वाटच्या करंज्या वसंताला.

तुझी,
ताई

बालाघाट,
१८ नोव्हेंबर २००३

प्रिय मामा, साष्टांग नमस्कार.

मराठीत लिही, असा आईचा हुकूम आहे. चुका सांभाळून घे.

सव्वीस मुलींत मी नववी आले. शेवटच्या चढावर पुढच्या दोघींचे पाय निसटले, माझे नाही. नाल्यात चिखल होता, तरी पेडलं अडली नाहीत. एका वळणावर पडले, पण ती गलती माझी होती, आणि दोन्ही पाय सुटले. आईला सगळं सांगितलं. ती फक्त बरं म्हणाली.

सुरुवातीची गोष्ट तुला सांगायलाच हवी. सगळे रांगेत उभे असताना आई माझ्या सायकलपाशी खाली बसली. पर्समधून बाबांचा जुना टूथब्रश काढून दोन्ही पेडलं झाडली, सुई फिरवली. मग कुंकवाची डबी काढली. तिने मला टिळा लावला, पेडलांकडे एकदा पाहिलं आणि डबी बंद करून पर्समध्ये टाकली. शिट्टी वाजली तेव्हा सगळ्या आया हात हलवत होत्या. माझी आई उभ्या जागी टाच बाहेर वळवून दाखवत होती.

आता कामाचं. आज सकाळी उठले तर अंगणात सायकल नव्हती, माझे बूटही नव्हते. शेवंताबाई म्हणाल्या, तुही माय गेली ना फाटकाच्या तिकडे, लामत्याच्या रस्त्यानं. आई तासाभराने घामाघूम होऊन आली आणि काहीच झालं नाही अशा थाटात चहा टाकायला गेली.

तेव्हा आईसाठी आणखी एक जोडी पाठव, बुटांसकट; बाबांची जुनी सायकल पडूनच आहे, तिला लावू. नंबर पाच. स्क्रू सैल करायची गरज नाही.

माझ्यावर आहे तेवढंच प्रेम ठेव, सायकल तेवढी परत मिळवून दे.

तुझी,
ओवी