सोयरिकीला सैतानाचा वकील

नवेगाव बांध,
६ जानेवारी १९५७

ती. गोवर्धनदादास धुरपताचा रागारागाने सा. न.

सौंदडच्या बकारामची सोयरीक घरात सगळ्यांना पसंत. आई तर लुगडी बघून राहिली. मीही मनातून हो म्हटलं होतं. अन् तुझं पत्र आलं, नुसत्या सवालांचं. त्याची आधीची सोयरीक काऊन मोडली? लग्नानंतर धुरपताची मास्तरकी सुटणार का? बाबा दिवसभर तुझ्यावर चिडून होते. वकिली शिकायला नागपूरला गेलास अन् बहिणीवरच उलटलास काय? तुले तो मुलगा आवडत नसेल तर सरळ लिही.

तुझी, पण सध्या जरा कमीच,
धुरपता

नागपूर,
११ जानेवारी

चि. धुरपतास, रागासकट अ. आ.

मुलगा मला आवडतो, म्हणूनच लिहिलं. इंग्रजीत एक शब्दप्रयोग आहे, सैतानाचा वकील. रोमला पोपच्या दरबारी कुणाला संत ठरवायचं असलं, की एक वकील मुद्दाम विरोधात उभा करतात. त्याने त्या पुण्यवंताचे दोष काढायचे, चमत्कारांवर शंका घ्यायच्या. वैर काहीच नसतं; पारख व्हावी एवढंच. त्यावरून, स्वतःला पटलेलं असूनही जो उलट बाजू मांडतो, त्याला तसं म्हणू लागले. घरात सगळेच हो म्हणत होते, म्हणून मी नाही म्हणून पाहिलं. उत्तरं मला देऊ नकोस. त्यालाच विचार.

बाबांचा राग उतरला की माझा नमस्कार सांग.

तुझा दादा

नवेगाव बांध,
२ फेब्रुवारी

ती. दादास मनापासून सा. न.

बकाराम अन् त्यांची आई पाहायला आले, तेव्हा चहा ठेवून मी विचारलंच. मावशीनं चिमटा काढला. बकाराम म्हणाले, त्या मुलीले लग्नच करायचं नव्हतं, तिनं चोरून सांगितलं, म्हणून आपणच नकार दिला अन् लोकांची बोलणी खाल्ली. नोकरीचं मात्र आईले विचारल्याशिवाय वचन देत नाही म्हणाले. खोटं गोड बोलले नाहीत, तिथंच माझं मन पक्कं झालं.

त्यांची आई रात्री मुक्कामाला राहिल्या. सकाळी माझ्यामागं शाळेत आल्या, पोरांच्या मागं तरटावर बसून पाढे ऐकले. सुटी झाल्यावर म्हणाल्या, सौंदडच्या शाळेतही बाई पाहिजेच, बदली मागून घे.

लग्न फाल्गुनात. भर बैठकीत विचारलं, त्याचं वाईट वाटलं असेल, असं मी त्यांच्या आईंना म्हटलं. त्यांनी माझा हात धरला. म्हणाल्या, मी काहीच न विचारता सासरी आली होती पोरी, मग जन्मभर मनातच विचारत राहिली.

लवकर ये, अन् असाच जीव लावत जा.

तुझीच,
धुरपता