बाकावरची पाच मिनिटं

२ नोव्हेंबर, रविवार
गेम संपला. होडीवाला म्हातारा धक्क्यावर उभा राहिला, 'येतो' म्हणाला, गेला. एवढंच? नेटवर वाचलं, वाटेत चौदा बारीक गोष्टी असतात. केल्याच पाहिजेत असं नाही, पण केल्या तर शेवटी तो खूप बोलतो. माझ्या अकरा सुटल्या. लाज वाटली. शाळेत घालायच्या आधी बाबांनी मला घरीच पाटीवर शिकवलं, एकही गणित गाळायचं नाही म्हणून. उद्यापासून पुन्हा पहिल्यापासून. वही केली.

३ नोव्हेंबर
नितेशदादाचा फोन. बाबांना नऊ तारखेला मुंबईला नेणार, ट्रीटमेंट तिकडेच. किती दिवस, ते डॉक्टर सांगत नाहीत. मी दोन महिने धरते. वहीच्या मागच्या पानावर बाबांसोबत करायच्या गोष्टी लिहिल्या. सात. पहिली, भाट्याला समुद्रावर फिरणं. सहज होतील.

४ नोव्हेंबर
बाबा म्हणाले, करुणा, चल गो भाट्याला. म्हटलं उद्या. गेममधला म्हातारा जाळं विणत होता, तेव्हा उठलं तर ती गोष्ट कायमची जाते. भाट्ये कुठे जातंय?

५ नोव्हेंबर, पौर्णिमा
बुद्धवंदनेला बाबांनी मला दोनदा हाक मारली. गेम सेव्ह करेपर्यंत उशीर. पोचले तेव्हा बाबा 'बुद्धं सरणं' तिसऱ्यांदा म्हणत होते. म्हणजे वंदनेला मी होतेच.

७ नोव्हेंबर, संध्याकाळी ६
चौदावी गोष्ट. बाकावर म्हाताऱ्याशेजारी पाच मिनिटं नुसतं बसायचं, एकही बटण दाबायचं नाही. बाबा खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले. विचारलं, हा कोण, नि काही करत का नाही? म्हटलं, बाबा, जरा बोलू नका. गप्प बसले. मग खोकला आला. गेमचा आवाज ऐकू येईना, म्हणून म्हटलं, आत जाता का? गेले.
चौदापैकी चौदा.

८ नोव्हेंबर
शेवट पाहिला. म्हातारा होडीबद्दल बोलला, बायकोबद्दल बोलला, आणि भीती वाटते म्हणाला. खूप रडले. तोवर दादाने येऊन बाबांची बॅग भरली होती. मागच्या पानावरच्या सातही उद्या सकाळी करायच्या. गाडी साडेअकराला आहे.

९ नोव्हेंबर
सकाळी बाबांना दम लागला, भाट्ये राहिलं, बाकीच्या सहाही. स्टेशनवर गाडी पाच मिनिटं थांबली. बाबा खिडकीशी बसले. मी खाली उभी राहिले, मध्ये एक शब्द बोलले नाही, कारण अशा वेळी नुसतं थांबायचं असतं.
गाडी हलली. बाबा म्हणाले, येतो.
आणखी काही म्हणतील म्हणून खिडकीबरोबर चालत राहिले. प्लॅटफॉर्म संपला.