मी फक्त मान हलवली

११ नोव्हेंबर, सोमवार

आज सकाळी साडेसहाला मी एका म्हाताऱ्या बाईला सायकलने पाडलं.

कोपरीच्या मंडईजवळचं वळण. ती डावीकडून आली आणि मला दिसलीच नाही. दिसणार कशी? काचबिंदूने दोन्ही डोळ्यांच्या कडा खाल्ल्यात. डॉक्टरांनी ऑगस्टमध्येच सांगितलेलं, सायकल बंद करा. मी कुणाला बोललो नाही. मुलाला, मुकुलला तर नाहीच. सायकल भंगारात देऊन तो मला घोडबंदर रोडला त्याच्याकडे घेऊन गेला असता.

ती पडली, मीही पडलो. तेवढ्यात एक मोटारसायकल जोरात निघून गेली. माणसं धावली. कुणीतरी विचारलं, "काका, त्या बाइकवाल्याने उडवलं ना?"

मी मान हलवली.

रिक्षात घालून तिला हॉस्पिटलात मीच नेलं.

१२ नोव्हेंबर

कमळाबाई नाव. इथल्या जुन्या गावठाणातल्या. वय चौऱ्याहत्तर. खुब्याचं हाड मोडलंय, ऑपरेशन होणार.

त्यांचा मुलगा गोविंदा भेटला. धिप्पाड माणूस. माझे दोन्ही हात धरून नुसता उभा राहिला. पोलिसांत जायचं नाही, आई नको म्हणते, एवढंच बोलला.



१७ नोव्हेंबर, रविवार

सायकल जिन्याखाली आहे. सहा दिवसांत हात लावला नाही. पन्नास-पंचावन्न वर्षांत एवढा खाडा कधी पडला? कावीळ झालेली तेव्हा, आणि सरोज गेली तेव्हा.

वडिलांच्या सायकलवर शिकलो. सीटवरून पाय पुरायचे नाहीत म्हणून दांडीखालून पाय घालून, अर्धं पायडल मारत. गुडघे कायम फुटलेले. नोकरी लागल्यावर दर रविवारी कल्याण. कशेळी, भिवंडी, मग दुर्गाडीचा पूल. पुलापलीकडे सरोजचं घर. तिचे वडील म्हणायचे, हा मुलगा घामाने भिजूनच येतो! सरोज आधी पाण्याचा तांब्या पुढे करायची, मग हसायची. लग्नानंतर मैदानात तिला शिकवलं. मागून धरलंय म्हणून सांगायचो, आणि हळूच सोडून द्यायचो. कळलं तेव्हा दोन दिवस बोलली नाही. पडले असते तर, म्हणाली.

ती असती तर हे तिला सांगितलं असतं. की तिच्यापासूनही लपवलं असतं? माहीत नाही.

२४ नोव्हेंबर, रविवार

मुकुलने नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलं— बाबांनी एकोणसत्तराव्या वर्षी एका आजींचा जीव वाचवला. आज सोसायटीने शाल, नारळ दिला. दोन शब्द बोला म्हणाले. कर्तव्य केलं म्हणालो. खरंच म्हणालो मी तसं! टाळ्या पडल्या.

शाल कपाटात नको वाटते. फेकवतही नाही.

२ डिसेंबर, सोमवार

कमळाबाई घरी आल्यात. पायी गेलो. खाटेवर पडून होत्या, पाय उशीवर. चहा घ्यायलाच लावला.

नवऱ्याबद्दल बोलल्या. तो मिठागरात कामाला होता. लग्न नवीन असताना एकदाच त्यांना सायकलच्या कॅरिअरवर बसवून बांधावरून घेऊन गेला. बांध अरुंद, दोन्हीकडे पाणी. भीतीने डोळे मिटून घेतले, म्हणून काहीच बघितलं नाही, म्हणाल्या. आता त्या जागेवर इमारती आहेत.

निघताना माझ्याकडे बघत म्हणाल्या, "आनखी काय बोलायचं हाय का?"

नाही म्हणालो. बऱ्या व्हा म्हणालो.

रस्त्यात लाज वाटली. बाकावर बसून राहिलो. चालताना माणसं अंगावर येईपर्यंत दिसत नाहीत, मी मात्र पहाटे सायकल काढायचो. एक तास तेवढं जुनं आयुष्य मिळायचं. त्या तासासाठी एका बाईचा पाय गेला.

९ डिसेंबर

आजही गेलो. आजही नाही बोललो.

१२ डिसेंबर, गुरुवार

वॉकर आणलाय, पण त्या उठतच नाहीत. खोकला आहे. गोविंदा चेष्टेने म्हणाला, काका रोज येतात, आता घरातलेच झाले. त्या हसल्या नाहीत, माझ्याकडेच बघत होत्या.

१४ डिसेंबर, शनिवार

ठरवूनच गेलेलो. त्यांना ताप होता, डोळे मिटलेले. आजारी माणसाला कशाला त्रास, म्हणून परत आलो. मला रोज एक कारण मिळतं.

सोमवारी सांगणार. काही झालं तरी.

१६ डिसेंबर, सोमवार

कमळाबाई पहाटे गेल्या. छातीत कफ भरलेला. गोविंदाचा निरोप आला, खांदा द्यायला या.

अंगणात त्याला बाजूला घेतलं आणि सगळं सांगून टाकलं. तो चिडला नाही. म्हणाला, "आईला माहीत होतं, काका. आम्हाला पहिल्याच दिवशी बोललेली. कुणी काही विचारू नका, म्हणाली. तुम्ही स्वतः कधी सांगता, त्याची वाट बघत होती."