आधी दुपटं, मग झबलं

नाशिक रोड,
११ नोव्हेंबर २०२४

ती. सगुणाताईस,
हिरामणचा सा. न. वि. वि.

भाऊबीजेला पिंपळगावला आलो तेव्हा एक गोष्ट सांगायची राहून गेली. तुझ्या कानांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगितली असती तर ती निम्म्या गल्लीला कळली असती. म्हणून पत्र.

निकिताला पाचवा महिना लागला आहे. डॉक्टरांनी मार्चची चोवीस तारीख दिली आहे. परवा तिच्या सासूबाई निफाडहून आल्या होत्या. त्यांचं म्हणणं, बाळंतपण आमच्याकडेच होऊ द्या, तुमच्या घरी बाईमाणूस नाही. चांगल्या मनानेच म्हणाल्या. शालनला जाऊन तीन वर्षं होतील, हे त्यांना मी सांगायची गरज नव्हती. मी म्हणालो, पहिलं बाळंतपण माहेरीच. जावई संतोषरावांनी चहाचे कप उचलून आत नेले. सासूबाईंनी विचारलं, तयारी कोण करणार? मी म्हणालो, मी. कसली तयारी, असं विचारलं असतं तर मात्र पंचाईत होती.

दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन बाळाच्या कपड्यांचा तयार संच पाहिला. कापड हाताला टोचत होतं आणि गळ्याशी कडक लेबल शिवलेलं. न घेताच परत आलो. तेव्हा विचार असा आहे की आपणच शिवावं. चौतीस वर्षं एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात टर्बाइन सांभाळली, एक शिलाई मशीन सांभाळता येऊ नये असं काही नाही. तू चाळीस वर्षं शिवते आहेस. मला शिकव. सोप्यातलं सोपं सांग.

आजवर धरलास तसाच लोभ धर, माझी शिलाई पाहिल्यावरसुद्धा.

तुझा,
हिरामण

•

पिंपळगाव बसवंत,
१५ नोव्हेंबर २०२४

चि. हिरामण यास,
अ. उ. आ.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसले, दुसऱ्यांदा नाही.

शालनची मशीन तू तिच्या बहिणीला देऊन टाकलीस हे मला माहीत आहे. माझ्याकडे दोन आहेत. जुनी पायमशीन शेजारच्या तृप्तीच्या ओळखीच्या टेम्पोतून पाठवते. टेम्पो कांद्याचा आहे, वास येईल.

पहिला धडा. कापडाला हात लावायचा नाही. शाळेच्या वहीचा रेघांचा कागद घ्यायचा, सुईत दोरा न घालता रेघेवरून मशीन चालवायची. भोकं रेघेवर पडायला हवीत. दहा कागद नीट झाले की दोरा ओवायचा. तुला घाई होईल. तुला लहानपणापासून घाई आहे.

मग दुपटं. त्याला कापणं नाही, गळा नाही, काही नाही. मऊ सुती कापड सव्वा मीटर लांब, तेवढंच रुंद. आधी धुऊन वाळवायचं, कारण सुती कापड पाण्यात आटतं आणि आटायचं ते शिवण्याआधी आटलेलं बरं. मग चारी कडा दोनदा दुमडून, इस्त्री करून, सरळ शिवण मारायची.

बाळ यायच्या आधी त्याचं काही शिवू नये असं लोक म्हणतात. मी मानत नाही. मी मानलं होतं तेव्हा काही वाचलं नाही.

एक विचारते. ताई, तू शिवून दे, एवढं लिहिलं असतंस तर आठ दिवसांत सगळं आलं असतं. ते का लिहिलं नाहीस? उत्तर नाही दिलंस तरी धडे चालू राहतील.

मशीनला तेल जास्त घालू नकोस. आशीर्वाद आहेतच.

सगुणा

•

नाशिक रोड,
२ डिसेंबर २०२४

ती. ताई,
सा. न. वि. वि.

मशीन पोहोचली. खणातून कांद्याची मूठभर सालं निघाली. सगळी खोलून पुसली, जोडली. ती कशी चालते ते मला तासाभरात कळलं. कापड कसं चालतं ते अजून कळलेलं नाही. दहा नाही, एकवीस कागद लागले. शेजारचे सहादूभाऊ खिडकीतून बघून विचारत होते की पेन्शनचे कागद असे का फाडतोस.

दुपटं झालं. चौकोनी म्हणता येणार नाही. एक बाजू तीन बोटं जास्त आहे आणि कोपऱ्यांत कापडाचे गोळे झालेत, सुई त्यात अडकते. निकिताला फोटो पाठवला. तिने फोन केला आणि रडली. काय झालं विचारलं तर म्हणाली, काही नाही, छान आहे.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर. तुला शिवायला सांगायला मला तोंड नव्हतं.

तुझा धनराज आठ महिन्यांचा होऊन तापात गेला. पुढच्याच वर्षी निकिता झाली. तिच्या बारशाला तू आलीस. आत्या म्हणून कानात नाव सांगायचा मान तुझा होता. आई म्हणाली, जिचं पोर गेलं तिने पाळण्याला हात लावू नये. नाव मग चुलतबहिणीने ठेवलं. मी दारात उभा होतो. बोललो नाही. उलट मीच तुला सायकलवरून एस.टी. स्टँडला सोडलं आणि गाडी सुटेपर्यंत द्राक्षाच्या भावाबद्दल बोलत राहिलो. एकतीस वर्षं झाली. त्याच हातांकडे त्याच पोरीच्या बाळाचे कपडे कसे मागणार?

म्हणून शिकायचं ठरवलं. राग असेल तर तो ठेव, माया कमी करू नकोस.

हिरामण

•

पिंपळगाव बसवंत,
८ डिसेंबर २०२४

चि. हिरामण यास,
अ. उ. आ.

कोपऱ्यात गोळा होतो कारण तू तीन पदरांवर तीन पदर दुमडतोस. दुमडण्याआधी कोपऱ्याचं टोक तिरकं कापून टाक, मग एक दुमड घाल. तीन बोटांचा फरक राहू दे. बाळ मोजून बघत नाही.

आता झबलं. वर्तमानपत्रावर आकार काढ. तृप्तीकडून माझ्या नमुन्याची कागदी कापणी पाठवते आहे, तीवरून काढलास तरी चालेल. पुढून पूर्ण उघडं, काज-बटण नाही, दोन बंद लावायचे. बटण तुटलं तर बाळाच्या तोंडात जातं. सगळ्या बाजूंनी अर्धा इंच कापड जास्त सोड. आणि शिवणी बाहेरच्या बाजूला येऊ देत, आतली बाजू मऊ राहिली पाहिजे. बघणाऱ्याला उलटं वाटेल. घालणाऱ्याला सुलटं असतं.

झबल्यातून उरलेल्या तुकड्यांची लाळेरी कर. पुढे मलमल, मागे जुना टॉवेल, गळ्याला बंद. ती बिघडली तरी कुणाला कळत नाही, म्हणून हात बसायला चांगली.

बारशाचं वाचलं. मला सगळं आठवतं. त्या दिवशी तू तीन वेळा सांगितलंस की थॉमसन द्राक्षाला यंदा बरा भाव आहे. तेव्हा मला नीट ऐकू येत होतं. या विषयावर पत्रात पुन्हा लिहू नकोस. मी पत्रं जपून ठेवते आणि पुन्हापुन्हा वाचते, तेव्हा एकदा लिहिलेलं पुरेसं आहे.

झबल्याचा गळा गोल कापताना कात्री फिरवायची नाही, कापड फिरवायचं. जपून राहा.

सगुणा

•

नाशिक रोड,
३१ जानेवारी २०२५

ती. ताई,
सा. न. वि. वि.

तृप्तीला फोन केला होता, तिने तुला पाटीवर लिहून दाखवलं असेलच. निकिता सव्वीसला माझ्याकडे आली आणि सत्तावीसला पहाटे तिचा रक्तदाब वाढला. बाळ आठ आठवडे आधी काढावं लागलं. मुलगी आहे. वजन एक किलो तीनशे पन्नास ग्रॅम. काचेच्या पेटीत ठेवली आहे. श्वासाला नळी आहे. डॉक्टर म्हणतात, पहिले दहा दिवस काही सांगता येत नाही. निकिताचा रक्तदाब अजून खाली येत नाही, ती दुसऱ्या मजल्यावर आहे. तिने बाळ फक्त फोनमध्ये पाहिलं आहे.

मी पाच झबली, तीन दुपटी, सहा लाळेरी घेऊन गेलो होतो. तिथल्या सिस्टरनी, स्नेहल नाव आहे, एक झबलं हातात धरून पाहिलं. शिवण चांगली आहे म्हणाल्या. पण त्या झबल्यात बाळ दोनदा मावलं असतं. त्यांनी सांगितलं की छाती आठ नऊ इंच, डोकं मोठ्या संत्र्याएवढं. टोपी आधी हवी, कारण उष्णता डोक्यातून जाते. काल टोपी शिवायला बसलो. तीन बिघडल्या. चौथी अर्धी शिवून ठेवली.

सासूबाई रोज येऊन बसतात. त्यांनी एकदाही म्हटलं नाही की आमच्याकडे असती तर. म्हणाल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

ताई, टोपी कशी करायची ते लिही. आणि तू ये. घरात बाईमाणूस नाही म्हणून बोलवत नाही. तू हवी आहेस म्हणून बोलावतो.

हिरामण

•

पिंपळगाव बसवंत,
२ फेब्रुवारी २०२५

चि. हिरामण यास,
अ. उ. आ.

हे पत्र नाशिक रोडला जाणाऱ्या माणसाबरोबर देते आहे, आजच मिळेल.

टोपीला नवं कापड घेऊ नकोस. तुझं जुनं, धुऊन विरलेलं बनियन घे. ते ताणलं जातं, म्हणून मापात चूक झाली तरी चालते. दहा इंच रुंद, पाच इंच उंच पट्टी काप. दोन टोकं जोडून नळी कर, एक तोंड दोऱ्याने चुण्या घालून आवळ, खालची कड एकदा वर दुमड. मशीन नको, हाताने शिव. घाई असेल तर टाके मोठे घाल, नंतर उसवता येतील.

झबल्याला बाह्या लावू नकोस, नळ्या आणि वायरी असतात. खांद्यावरही बंद लाव, म्हणजे बाळाला न उचलता घालता येईल.

मी उद्या दुपारच्या गाडीने येते. घ्यायला येऊ नकोस, तू दवाखान्यात थांब.

सगुणा

•

पिंपळगाव बसवंत,
२७ मार्च २०२५

चि. हिरामण यास,
अ. उ. आ.

सुखरूप पोहोचले. घर पन्नास दिवस बंद होतं. दारात तृप्तीने रोज झाडलेलं दिसत होतं. ब्लाउजचे अकरा गठ्ठे वाट बघत आहेत. बायका रागावल्या आहेत, पण दुसरीकडे गेलेल्या नाहीत.

तिथे असताना आपण फारसं बोललो नाही. मला ऐकू येत नाही आणि तुला वेळ नव्हता. म्हणून इथून लिहिते. निकिताला उठता येत नव्हतं तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं की घरातल्या कुणीतरी बाळाला छातीशी धरून बसायचं, उघड्या अंगाला अंग लावून. सासूबाईंना खोकला होता. म्हणून मी बसले, रोज चार तास, बारा दिवस. तिथल्या यंत्राचा आवाज मला येत नव्हता. ते वाजलं तरी कळणार नाही म्हणून श्वासाने हलणाऱ्या तिच्या पाठीकडे मी बघत बसायचे. एकदा ती हलली नाही. मी तिच्या तळव्याला टिचकी मारली आणि सिस्टरला हात केला. सिस्टर पोहोचेपर्यंत पाठ पुन्हा हलू लागली होती. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. तुला सांगते.

आता बारशाचं. निकिताने मला पाळण्याच्या एका बाजूला उभं केलं. पलीकडे तिच्या सासूबाई. तेवढ्यात धोंडाबाई काकू काहीतरी बोलल्या. त्या काय बोलल्या ते ऐकायला कान लागत नाहीत, तसा चेहरा मी पूर्वी पाहिलेला आहे. मी हात मागे घेतला. मग तू बोलायला लागलास. सगळे तुझ्याकडे बघत होते. निकिता आत जाऊन आली. तू पुन्हा बोललास. संतोषरावांनी मान खाली घातली, त्यांच्या बहिणीने डोळे पुसले, आणि सासूबाईंनी माझा हात धरून पाळण्याच्या दोरीवर ठेवला. मग नाव ठेवलं गेलं. शर्वी. ते मला निकिताने पाटीवर लिहून दाखवलं.

पण तू काय बोललास ते कुणी लिहून दाखवलं नाही. गर्दीत मलाही विचारता आलं नाही. डिसेंबरात मी लिहिलं होतं की या विषयावर पुन्हा लिहू नकोस. ते मागे घेते. जे बोललास ते लिहून पाठव. चांगलं करून लिहू नकोस, होतं तसं लिही.

शर्वीला झबलं घट्ट होऊ लागलं की कळव. वाट बघते.

सगुणा

•

नाशिक रोड,
१ एप्रिल २०२५

ती. ताई,
सा. न. वि. वि.

शर्वी आता दोन किलो सातशे. पहिली पाच झबली तिला थोडी सैल, पण चालतात. आधी शिवलेली फुकट गेली नाहीत.

तू विचारलंस ते लिहितो. धोंडाबाई काकू म्हणाल्या, "सगुणाचा हात नको पाळण्याला, लय सोसून आलेलं लेकरू हाय." मी बोलायला लागलो आणि त्याच वेळी स्वयंपाकघरात कुणीतरी मिक्सर लावला. त्यामुळे पहिल्यांदा बोललो ते तुझ्याप्रमाणेच कुणालाही ऐकू गेलं नाही. निकिता आत जाऊन मिक्सर बंद करून आली आणि म्हणाली, पप्पा, पुन्हा बोला. दुसऱ्यांदा माझा आवाज चिरकला. बोललो ते असं:

"काकू, निकिताच्या बारशाला आईने ताईला पाळण्यापासून दूर केलं. आईचं वय झालं होतं. माझं नव्हतं झालं. मी गप्प बसलो आणि ताईला स्टँडवर सोडून आलो. तिचा धनराज तापाने गेला, त्यात तिचा काही दोष नव्हता. हे मी तेव्हा म्हणायला हवं होतं. ही पोर पेटीत होती तेव्हा ताईने तिला धरलं. आज ताई पाळण्यापाशी उभी राहणार. ज्यांना चालत नसेल त्यांनी बाहेरच्या खोलीत बसावं. जेवण सगळ्यांना आहे."

एवढंच. काकू बाहेरच्या खोलीत गेल्या. जेवताना दोन वेळा बासुंदी घेतली आणि जाताना शर्वीच्या हातावर पन्नासची नोट ठेवली. तुझ्याबद्दल काही बोलल्या नाहीत.

सगळं होतं तसं लिहिलं आहे. तरी माझ्यावर भरवसा नको म्हणून निकिताला वाचायला दिलं. तुझ्या ताईपणाचा हात डोक्यावर राहू दे.

तुझा,
हिरामण

आत्या, वाचलं. बरोबर आहे. फक्त "धनराज" हे नाव पप्पांनी दोनदा घेतलं होतं, इथे एकदाच लिहिलंय.
— निकिता