आपोआप बिघडलेल्या गाडीचा कर्ता

आई, आपल्याकडे आता गाडी आहे. आहे, पण घरी नाही. अंबडच्या वर्कशॉपमध्ये भिंतीकडे तोंड करून उभी आहे, तू वर्गातल्या द्वाड पोरांना करायचीस तशी. उंच, पांढरी, जीपच्या घराण्यातली. तिला नवी म्हणायचे दिवस अजून सरलेले नाहीत, मागच्या सीटवरचं प्लास्टिकसुद्धा मी काढू दिलेलं नाही. तू असतीस तर आधी विचारलं असतंस की चालवतं कोण, कारण मला सायकलच्या पुढे काही येत नाही हे तुला ठाऊक होतं, आणि त्या परिस्थितीत आजतागायत काही फरक पडलेला नाही. चालवते तुझी सून. तू तिला पाहिलं नाहीस. पन्नाशीला टेकल्यावर ती गाडी शिकली. क्लच आणि गिअरची तिला आयुष्यभर धास्ती, म्हणून बिनक्लचची घेतली, ऑटोमॅटिक. मी कौतुकाने 'आमची स्वयंचलित' म्हणायला लागलो तर म्हणाली, "अहो, स्वयंचलित कसली? चालवते मी." तुमचं दोघींचं फार जमलं असतं, आणि माझं काही खरं नव्हतं.

ती शिकली ते सिन्नरसाठी. तिची आई तिथे राहते, पडल्यापासून अंथरुणाला खिळलेली. दिवसभर एक बाई असते, पण संध्याकाळचं जेवण सासूबाई लेकीच्या हातूनच घेतात, नाहीतर ताट सरकवून देतात. त्यामुळे तुझी सून कामावरून येते, डबा भरते आणि निघते. मी शेजारी बसतो, माझं काम डबा सरळ धरण्याचं. मोहदरीचा घाट लागला की ती डावा पाय वर घेऊन मांडीखाली दुमडते. "या गाडीत डाव्या पायाला काम नाही, मग त्याला खाली कशाला लोंबकळत ठेवायचा?" पाटावर बसल्यासारखी ऐसपैस बसून ती ट्रकांना मागे टाकते आणि बारीक आवाजात काहीतरी गुणगुणते. इतक्या वर्षांच्या संसारात मी तिला गुणगुणताना ऐकलं नव्हतं. ते या गाडीत ऐकलं.

मग गाडी चढावर अडखळायला लागली. आवाज मोठा, वेग तोच, मधेच एक हिसका. तक्रार लिहायचं काम अर्थात माझ्याकडे आलं, घरात संस्कृत शिकवणारा माणूस असल्यावर दुसरं कोण लिहिणार? मी कंपनीच्या ॲपवर शुद्ध मराठीत लिहिलं, 'गाडी चढावर कचरते.' आई, गाडी परत आली ती आतून लखलखीत, लिंबाच्या वासाने घमघमत. फोनवरची मुलगी म्हणाली, "सर, कचऱ्याची कम्प्लेंट होती ना? सगळा कचरा काढलाय. रेटिंग द्याल ना प्लीज?" तुझी सून इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. मी रेटिंग दिलं. काम चांगलंच झालं होतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत घाटात ती थांबली. इंजिन चालू, तुझी सून पाय दाबते आहे, आवाज टिपेला जातो आहे आणि गाडी जागची हलत नाही. मग हळूच मागे यायला लागली. तिने ब्रेक दाबून धरला. मागे ट्रक, त्याच्या मागे एसटी, सगळ्यांचे हॉर्न. ट्रकवाला उतरून आला. "ताई, न्यूट्रल करा, आम्ही ढकलतो बाजूला." मी कंपनीला फोन लावला तर तिकडून, "सर, ढकलू नका, ओढू पण नका, गिअरबॉक्स जाईल." मी म्हटलं, गेलाच आहे. "नाही सर, तसं चेक केल्याशिवाय सांगता येत नाही." ट्रकवाल्याने एक शिवी दिली, कोणाला ते स्पष्ट केलं नाही, आणि वळसा घालून निघून गेला. तुझी मोपेड आठवली. ती बंद पडली की तू पायडल मारत, पदर खोचून, शाळेपासून घरापर्यंत यायचीस, घामाघूम आणि विजयी. या गाडीला पायडल नाही. उचलून नेणारी गाडी येईपर्यंत आम्ही दोघं कठड्यापाशी उभे होतो, माझ्या हातात डबा, सरळ धरलेला. त्या रात्री सासूबाई जेवल्या नाहीत.

आता वर्कशॉपमधल्या भाषेविषयी, कारण ते तुला आवडेल. तिथे एक सल्लागार आहे, सभ्य, तरुण, शर्ट खोचलेला. तो म्हणतो, "स्कॅनला काही दिसत नाहीये सर." मी म्हणतो, मग उघडून बघा. "गिअरबॉक्स उघडला जात नाही सर. अप्रूव्हल आलं की पूर्ण बदलला जातो." अप्रूव्हल कोण देतं? "वरून येतं." वर म्हणजे कुठे? "वरूनच, सर." मी पंचवटीत वाढलेला माणूस, वरून येतं म्हटल्यावर हात जोडण्यापलीकडे मला काही सुचत नाही. कळवलं जाईल, बघितलं जाईल, पाठवण्यात आलेलं आहे. आई, त्या काचेच्या केबिनमध्ये कर्ता नावाचं कारकच शिल्लक नाही. क्रिया आहेत, कर्म आहे, ते भिंतीकडे तोंड करून उभं आहे. करणारा कोणी नाही. तू असतीस तर खडू उचलला असतास.

आणि मग एके दिवशी कर्ता सापडला. सल्लागार स्क्रीनकडे बघत, अगदी हळुवारपणे म्हणाला, "सर, बरेचदा काय होतं, लेडीज डाव्या पायाने ब्रेक दाबून ठेवतात. मॅडमनी ठेवला असेल." इतक्या फेऱ्यांमध्ये त्याच्या तोंडून आलेलं करणाऱ्याचं नाव घेणारं हे पहिलं वाक्य, आणि त्यात ती होती. मी उसळलो. म्हटलं, शक्यच नाही, तिचा डावा पाय तर वर दुमडलेला असतो, मी स्वतः शेजारी बसून बघतो. त्याने पेन उचललं. "म्हणजे सर, सीटिंग पोझिशन चुकीची आहे." तुझा मुलगा असा वकील आहे. अशिलाला शिक्षा कमी होती, ती त्याने वाढवून आणली.

मग त्याचा साहेब आला. तोही सभ्यच. वॉरंटीत टाकायचं तर कंपनीचा माणूस येऊन तपासणार, तो कधी येईल सांगता येत नाही. पण मॅडमनी एवढं लिहून दिलं, की चालवताना आपल्याकडून चूक झाली असावी, तर तो त्याच्या पातळीवर लगेच मार्ग काढेल, थोडा भार आम्ही उचलायचा. "फॉर्मॅलिटी आहे मॅडम." तुझी सून पर्स उचलून उठली. बाहेर आल्यावर रिक्षा शोधताना म्हणाली, "देऊन टाकते लिहून. असेलही माझंच. आई उपाशी राहते हो." मी म्हटलं, तुझं काही नाही, आपोआप बिघडलंय ते. ती माझ्याकडे बघून हसली, पण ते कचऱ्याच्या तक्रारीच्या वेळचं हसू नव्हतं. "आपोआप कधी काही होतं का? तुम्हीच तर म्हणता घरात."

मीच म्हणतो. कारण तू म्हणायचीस. लोणच्याची बरणी तुला आठवत असेल. चिनी मातीची, तपकिरी गळ्याची, फडताळातून खाली आली आणि स्वयंपाकघरभर तेल आणि लिंबं. तू शाळेतून नुकतीच आलेली, खांद्याला पिशवी तशीच. मी म्हणालो, बरणी पडली. तू म्हणालीस, "कर्ता कोण?" मी म्हणालो, बरणी. "बरणीला इच्छा असते का रे? जिला इच्छा नाही ती कसली कर्ता? पुन्हा सांग." आपोआप पडली, असं मी म्हणून पाहिलं. "आपोआप काही होत नसतं. वाक्य पुरं कर, मग पान मांडते." बाहेर अंधार पडलेला, गॅसवर सकाळचं वरण, तेलात पाय भरलेले. मी म्हणालो, "मी बरणी पाडली." तू म्हणालीस, "शाब्बास. आता कसं पूर्ण वाटतं." आणि वरण-भातावर नेहमीपेक्षा जास्त तूप वाढलंस. ते वाक्य मी पुढे इतक्या पोरांना उदाहरण म्हणून सांगितलं आहे, की बरणी पडल्याचं मलाही नीट आठवेनासं झालं होतं.

कॉलेजात गेल्यावर मला कळलं की व्याकरणात 'आपोआप'चीही सोय आहे. भात शिजतो, लाकूड फुटतं, करणारा बाजूला होतो आणि कर्मच कर्त्याच्या जागी येऊन बसतं. कर्मकर्तरी. तुला ते ठाऊक नव्हतं असं कसं म्हणू, तू तर ते वरच्या वर्गाला शिकवायचीस. घरात वापरायची परवानगी नव्हती, एवढंच.

गाडी अजून तिथेच आहे. तुझी सून आता एसटीने सिन्नरला जाते, गर्दीत उभी राहून, आणि डबा तीच धरते, कारण मी सोबत असलो की मला जागा मिळवून द्यायची जबाबदारी तिच्यावर येते. सासूबाई मला फोनवर विचारतात, "जावईबापू, गाडी रुसली का?" मी हो म्हणतो. निदान रुसण्याला तरी कर्ता लागतो. साहेबाचा फोन येतो, "मॅडमचं ठरलं का?" आणि काल तिने कोरा कागद मागितला. म्हणाली, तुमचं मराठी चांगलं आहे, तुम्हीच मजकूर सांगा. मी म्हटलं, उद्या सांगतो. त्याच कागदावर हे लिहितो आहे. भरत आला आहे, आता त्यावर दुसरं काही मावणार नाही, आणि उद्या ती दुसरा कागद आणेल हेही मला माहीत आहे. हे पत्र कुठे टाकायचं हा प्रश्नच नाही. ते मी माझ्याच पुस्तकात घालून ठेवीन.

एक राहिलंच, आई. मी त्या संध्याकाळी फडताळाजवळ नव्हतोच. ओट्यापाशी पाटी पुसत होतो, मागे आवाज झाला म्हणून वळलो. भूक लागली होती आणि तुला वाक्य पुरं हवं होतं, म्हणून मी ते पुरं केलं. बरणी आपोआप पडली होती.