तिसरी नळी

मंगळवार, १९ जून २००१

सोयाबीन उगवलंय, पण प्रत्येक पट्ट्यात तिसरी ओळ रिकामी. जुनं पेरणी यंत्र ताईच्या नवऱ्याकडनं, दाजींकडनं घेतलेलं. घेताना चाक फिरवून सगळ्या नळ्यांतनं बी पडतंय का बघायला मी पोतं अंथरलं, तर दाजी म्हणाले, "घरातल्या घरात परीक्षा कसली ओ पावणं?" मलाच लाज वाटली. पोतं गुंडाळलं आणि ताईच्या हातचा चहा पिऊन आलो. का गुंडाळलं मी ते पोतं?

आज यंत्र खोललं. तिसऱ्या नळीवर बी सोडणारी चकती पार झिजलेली. तरी वाटलं, दाजींनाही ठाऊक नसेल. फोन लावला. एवढंच म्हणालो, "दाजी, एका नळीतनं बी पडंना झालंय."

ते लगेच म्हणाले, "तिसरीच न्हवं?"